वस्ती, शाळा आणि मोकळा तास : धारणी तालुक्यातील किशोरवयीनांची हालचाल

किशोरवयीन मुलामुलींनी दिवसाकाठी किती हालचाल करावी, याचे जगभर वापरले जाणारे माप जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहे. २०२० साली सुधारलेल्या तिच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरकस शारीरिक श्रमात जावीत, आणि आठवड्यातले किमान तीन दिवस दम लागेल, स्नायू व हाडे बळकट होतील असे काही त्यात असावे. खेळ आणि काम असा भेद या मापात नाही. कबड्डीच्या मैदानावर तासभर घाम गाळणारा मुलगा आणि डोक्यावर पाण्याचे गुंड घेऊन चढण चढणारी मुलगी दोघेही त्यात बसतात. धारणीसारख्या तालुक्याचा विचार करताना नेमकी हीच गोष्ट अडचणीची ठरते.

२०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१९ च्या अखेरीस लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात एकत्र केली होती. जगातली ८१ टक्के मुले या ६० मिनिटांपर्यंत पोहोचत नाहीत, असे त्यातून दिसले. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के निघाले, म्हणजे जगाच्या मानाने थोडे बरे. भारत आणि बांगलादेशातील मुली इतर देशांतल्या मुलींपेक्षा पुढे दिसल्या आणि त्याचे संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी मुलींवर पडणाऱ्या घरकामाकडे बोट दाखवले. हे वाचून समाधान मानावे की लाज वाटावी, हा प्रश्न आकडेवारी सोडवत नाही. शिवाय ही सगळी माहिती शाळांमध्ये घेतलेल्या सर्वेक्षणांतून आली होती. जी मुले आईबापांबरोबर सोयाबीनच्या सोंगणीला गेली आहेत किंवा ज्यांची शाळा आठवीनंतर सुटली, ती अशा पाहणीत येतच नाहीत.

धारणी हा अमरावती जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. चिखलदरा आणि धारणी मिळून मेळघाट होतो. परतवाडा सोडल्यावर सेमाडोह, हरिसालमार्गे घाटाघाटाने धारणीला जाता येते आणि पुढे तापीचे खोरे व मध्य प्रदेशची हद्द लागते. वस्ती मुख्यतः कोरकू आदिवासींची. कोरकू गावाची ठेवण वऱ्हाडातल्या मैदानी गावासारखी नसते. घरे समोरासमोर दोन लांब ओळींत बांधलेली असतात आणि मध्ये रुंद, झाडून लखलखीत ठेवलेला रस्ता असतो. मुलांच्या हालचालीवर परिसराचा परिणाम कसा होतो हे शोधणारे शहरी अभ्यासक ज्या गोष्टी मागतात, त्यांतल्या बऱ्याच या जुन्या ठेवणीत आधीच आहेत. जागा मोकळी आहे, वाहने थोडी आहेत, प्रत्येक ओट्यावरून कोणाची तरी नजर आहे आणि सोबतीला त्याच वयाची मुले आहेत. तिथे लहान मुले दिवस मावळेपर्यंत खेळतात. होळीच्या दिवसांत तिथेच ढोल वाजतो आणि पोरीबाळी, बाया, माणसे रात्र रात्र नाचतात. कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण आहे. नाच शारीरिक श्रमात मोजायचा ठरवला, तर फाल्गुनातल्या त्या दिवसांत मेळघाटातली किशोरवयीन मुलगी कुठल्याही शहरी मुलीला मागे टाकील.

फाल्गुन संपतो आणि मोहाची फुले गळू लागतात. उजाडण्यापूर्वी टोपली घेऊन झाडाखाली जायचे, अस्वल आले नाही ना हे पाहायचे आणि ऊन तापण्याआधी वेचून परतायचे. मे महिन्यात तेंदूपाने येतात. पावसाळ्यात निंदणी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी परतवाडा, अचलपूर, अंजनगावकडे किंवा मध्य प्रदेशात उतरतात. त्यांच्याबरोबर गेलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा गहू कापतो. त्याच वयाची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळते आणि स्वयंपाकही करते. हालचालीचे हे वेळापत्रक ऋतू लिहितात. शहरी मुलाच्या वर्षात शाळेचे दिवस आणि सुट्ट्या असे दोनच भाग असतात. इथे निदान चार आहेत आणि त्या चारांतले श्रम वेगवेगळे आहेत. म्हणून ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस तासभर हालचाल केलीत’ या ठरावीक प्रश्नाचे उत्तर धारणीत जुलैत एक मिळेल आणि डिसेंबरात दुसरे.

श्रम आणि खेळ यांचा शरीरावर होणारा परिणाम काही अंशी सारखा असला, तरी एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. ओझे वाहण्यात पाठ आणि गुडघे वापरले जातात, पण झेप, दिशा बदलणे, तोल, नेम, वेग यांना वाव नसतो. काम कधी थांबवायचे हे मुलाच्या हाती नसते. आणि अपुऱ्या जेवणावर केलेले श्रम शरीर घडवत नाहीत, झिजवतात. १९९० च्या दशकापासून मेळघाटाचे नाव कुपोषणाशी जोडले गेले आहे. बालमृत्यूंची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण पाच वर्षांपर्यंत तगलेले खुरटे मूल पुढे तेरा वर्षांचे होते, तेव्हा त्याच्या दमाचे काय होते याची चर्चा फारशी होत नाही. विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही आढळतो. तो आजार असलेल्या मुलाला खेळू द्यायला हरकत नसते, मात्र त्याला पाणी पाजणे, उन्हात न ताणणे आणि विश्रांती देणे एवढे मैदानावरच्या माणसाला माहीत असावे लागते.

शहरांवरच्या अभ्यासांत शाळेला चालत जाणे हा हालचालीचा मोठा आधार मानला जातो. मुलांना पुन्हा पायी किंवा सायकलने शाळेत आणण्यासाठी परदेशांत मोहिमा निघतात. मेळघाटात उलटे आहे. तिथे चालणे हाच अडथळा होता. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी, असा शिक्षण हक्काचा नियम आहे; माध्यमिक शाळेला असे अंतर लागू नाही. आठवीनंतर शाळा लांबते, वाटेत नाला असतो, पावसाळ्यात सिपना किंवा गडगा नदीला पूर येतो, आणि मुलीचे शिक्षण थांबवायला यांतले एक कारणही पुरते. त्यावर राज्याने तीन उपाय शोधले. एसटीत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या आहेत आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. पास आणि बस मुलीला शाळेत पोहोचवतात, पण तिची चाल काढून घेतात. सायकल दोन्ही साधते. तिन्हींत सायकल सर्वांत स्वस्त असून आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाची आहे, फक्त घाटाच्या चढावर ती ढकलत न्यावी लागते. मुलीला चालावे लागू नये म्हणून बस देणे योग्यच आहे. प्रश्न पुढचा आहे. वाटेवरचे जे दीड-दोन तास बसने वाचवले, त्यांतले किती तिच्या वाट्याला आले आणि किती घरच्या चुलीने घेतले?

आता शाळेकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान, खेळाचे साहित्य आणि कुंपण असावे असे लिहिले आहे. त्याच परिशिष्टात आणखी एक ओळ आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या १०० हून अधिक असेल, तेव्हाच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक मिळतो. मेळघाटातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुधा लहान असतात, आणि ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मंजूर असतात. म्हणजे मैदान कायद्याने दिले, पण त्यावर उभे राहणारा माणूस पटसंख्येच्या अटीने काढून घेतला. दोन गुरुजींपैकी एक तालुक्याला बैठकीला गेले की उरलेल्याने पाच वर्ग सांभाळायचे. अशा वेळी ‘जा, मैदानावर खेळा’ ही सूचना सोय म्हणून येते. गंमत अशी, की त्या सोयीच्या तासात मुले पी.टी.च्या ठरावीक तासापेक्षा अधिक पळतात.

पाचवीपर्यंत हे असे निभावते. वर्ग वाढतो तसा वेळापत्रकातला खेळ आक्रसत जातो. नववी-दहावीत आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा विषय आहे आणि त्याला श्रेणीही आहे, पण श्रेणी सगळ्यांनाच बरी मिळते आणि तास गणिताच्या उरलेल्या प्रकरणाला मिळतो. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जून संपत आल्यावर उघडतात. त्यानंतर पावसाने मैदानाचा चिखल होतो. ते वाळते तेव्हा सहामाही येते. मग केंद्र, तालुका, जिल्हा अशा क्रमाने क्रीडास्पर्धा भरतात आणि शाळेतली निवडक बारा-पंधरा मुले महिनाभर कसून खेळतात. बाकीची टाळ्या वाजवतात. मार्च उजाडताच सकाळची शाळा सुरू होते आणि दहाच्या पुढे मैदानात कोणी उभे राहू शकत नाही. खेळायला खरोखर अनुकूल महिने चारच उरतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि स्थलांतराचे महिनेही नेमके तेच.

शाळा आणि वस्ती हे दोन वेगळे प्रभाव धरून मांडणी करण्याची पद्धत आहे. आश्रमशाळेत ती लागू पडत नाही. आदिवासी विकास विभागाच्या निवासी शाळेत, धारणीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या शाळा धरून, मूल सहा-सात वर्षांचे असताना येते आणि दहावी-बारावीला बाहेर पडते. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर शाळा हीच त्याची वस्ती असते. ओट्यावरून पाहणाऱ्या आजीच्या जागी अधीक्षक-अधीक्षिका असतात आणि दोन ओळींमधल्या रुंद रस्त्याच्या जागी कुंपणातले आवार. इथे मोहाची फुले वेचायला जायचे नसते, पाणी आणायचे नसते, गुरे वळायची नसतात. श्रम एकदम उतरतात आणि जेवण तुलनेने नियमित होते. खेळ वाढायला याहून चांगली वेळ नाही. चोवीस तासांवर एकाच संस्थेचा ताबा असलेले मूल खेळासाठी आणखी कुठे मिळणार?

तरीही खेळ आपोआप वाढत नाही. पहाटेची कवायत होते, ‘सावधान-विश्राम’ होते, प्रार्थना होते. संध्याकाळी शाळा सुटल्यापासून जेवणाच्या घंटेपर्यंतचा काळ खरा महत्त्वाचा असतो, आणि त्या काळाचा ठरलेला धनी नसतो. शिकवणारे शिक्षक त्या वेळी निघालेले असतात. अधीक्षकावर शेकडो मुलांची हजेरी, भांडार आणि स्वयंपाकघर असते. साप, विहीर, नाला, आजारपण यांतले काही घडले तर चौकशी त्याचीच होते. त्यामुळे मुले डोळ्यांसमोर आणि फाटक बंद असणे त्याला सोयीचे वाटते, आणि त्यात त्याला फार दोष देता येत नाही. हा बंदोबस्त मुलींना अधिक लागू होतो. मैदान एकच असते, त्यावर मोठी मुले व्हॉलीबॉल किंवा क्रिकेट मांडतात आणि मुली वसतिगृहाच्या ओसरीवर बसतात. त्यांना कोणी मज्जाव केलेला नसतो, पण त्यांची म्हणून वेळही लावून दिलेली नसते. पाळी सुरू झाल्यावर कापड, पाणी आणि स्वच्छतागृह यांची नीट व्यवस्था नसेल, तर महिन्यातले चार दिवस आणखी जातात. पुढे सवयच मोडते. मुलींसाठी स्वतंत्र तास राखून ठेवायला पैसा लागत नाही. एक शिटी लागते आणि ती वाजवणारी बाई लागते.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. आश्रमशाळांच्या प्रकल्प, विभाग आणि राज्य पातळीवरच्या क्रीडास्पर्धा दरवर्षी भरतात, आणि कोरकू बोलणाऱ्या मुलाला ज्या शाळेत मराठी पुस्तक परके वाटते, तिथे कबड्डीत तो पहिल्या दिवसापासून बरोबरीचा असतो. भाषेचा अडसर मैदानावर सर्वांत आधी गळून पडतो; शिक्षणशास्त्राने या गोष्टीचा पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमातून मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. अशा यशाचे कौतुक योग्य आहे. पण त्यातून ‘आदिवासी मुले मुळातच काटक, त्यांना वेगळ्या व्यायामाची काय गरज’ असा सोपा निष्कर्ष निघतो आणि तोच घातक आहे. एव्हरेस्टवर गेलेली मुले महिनोन्महिने प्रशिक्षण, आहार आणि वैद्यकीय देखरेखीखाली होती. हेच तिन्ही थोड्या प्रमाणात सामान्य मुलाला मिळाले तर काय होईल, हे पाहण्यात खरा अर्थ आहे.

शाळेने खेळाचे तास वाढवले तर मूल खरोखर अधिक हलते का, याबद्दल संशोधकांत दुमत आहे. इंग्लंडमधील प्लिमथ येथे तीन प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रे बांधण्यात आली. एका शाळेत आठवड्याला नऊ तास खेळ, दुसऱ्या दोन शाळांत जेमतेम दोन. शाळेच्या वेळेतली हालचाल अर्थातच वेगळी निघाली, पण आठवड्याची बेरीज जवळपास सारखी भरली. कमी तास असलेली मुले घरी गेल्यावर पळत होती. २००३ साली हे प्रसिद्ध झाले आणि त्यावर बराच वाद झाला. २०१२ मध्ये अशा ३० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मुलांच्या हालचाली वाढवण्याच्या उपक्रमांनी दिवसाला सरासरी चारेक मिनिटांचीच भर पडल्याचे आढळले. हे निष्कर्ष धारणीत जसेच्या तसे आणता येत नाहीत. प्लिमथच्या मुलाला शाळेनंतर घर, अंगण आणि रिकामी संध्याकाळ होती, म्हणून त्याला तूट भरून काढता आली. आश्रमशाळेतल्या मुलाला शाळेबाहेरची संध्याकाळच नाही, आणि गावात राहणाऱ्या मुलीची संध्याकाळ तिची नाही. तूट भरायला दुसरी जागा नसते, तिथे शाळेतला तास मोलाचा ठरतो. श्रीमंत देशांतल्या आढाव्यांवरून ‘शाळेतल्या खेळाने फारसे साधत नाही’ असे धोरण इथे बनवणे अवाजवी होईल.

वस्ती आणि शाळा यांच्यामध्ये तिसरे काही उभे राहू शकते, याचा वऱ्हाडातच एक मोठा दाखला आहे. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. आज तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे आणि महाराष्ट्रभरचे पी.टी.चे शिक्षक तिथून शिकून गेले आहेत. त्याची मुळातली रचना मात्र साधी होती. जागा मोहल्ल्याची, वेळ शाळेबाहेरची, शिकवणारा वस्ताद ओळखीचा, आणि येणारा पोरगा कोणत्या इयत्तेत आहे हे विचारले जात नसे. शाळा सोडलेल्यालाही दार उघडे होते. मैदानी वऱ्हाडात गावोगावी असे आखाडे होते. अमरावतीहून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या धारणीपर्यंत ही परंपरा रुजली नाही, कारण कोरकू गावाला त्या काळी तिची गरज नव्हती. जंगल, नदी आणि नाच पुरेसे होते. आता जंगल पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. गाभा क्षेत्रातली बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या सुरुवातीला अकोट तालुक्यात हलवली गेली, आणि त्यानंतरही पुनर्वसन होत राहिले. डोंगरातून सपाटीवर आलेल्या त्या गावांतल्या मुलांना रस्ता, दवाखाना आणि वीज जवळ आली. डोह आणि रान लांब गेले. पुनर्वसनाच्या नकाशावर समाजमंदिर आणि शाळा आखतात, तसे मुलामुलींच्या खेळाचे मैदान पहिल्या दिवसापासून आखले पाहिजे, कारण तिथे जुनी हालचाल बदल्यात काही न देता संपते.

धारणी शहराचे दुखणे निराळे आहे आणि ते कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणासारखेच आहे. रस्त्याला पदपथ नाही, मोटरसायकली वाढल्या, शाळेआधी एक आणि नंतर एक अशा शिकवण्या लागल्या. हातात मोबाइल आला. हरिसाल तर २०१६ मध्येच देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. नोकरदार आणि व्यापारी घरांतल्या मुलांचे बसणे इथे अमरावती-अकोल्यातल्या मुलांइतकेच आहे. एका तालुक्यात दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतराने अतिश्रमाने थकलेले मूल आणि हालचालीअभावी सुस्तावलेले मूल एकाच वेळी आढळते. दोघांसाठी एकच कार्यक्रम काढला, तर तो एकाला तरी नक्की गैरलागू ठरतो.

सोळा-सतरा वर्षांच्या पुढे या भागातल्या मुलामुलींना पळायला लावणारी सर्वांत मोठी प्रेरणा भरतीची आहे. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते. वनरक्षकासाठी मुलांना पाच आणि मुलींना तीन किलोमीटर धावावे लागते. त्यामुळे परतवाडा-धारणी रस्त्यावर पहाटे टी-शर्ट घातलेली मुले पळताना दिसतात, आणि त्यांत मुलीही असतात. जिला शाळेत दहा वर्षे मैदान मिळाले नाही, ती भरतीची जाहिरात आल्यावर दोन-तीन महिन्यांत दम वाढवू पाहते. नडगी दुखते, गुडघा सुजतो. बूट बहुधा मागून आणलेले असतात. मार्गदर्शन करणारा असतो तो आदल्या वर्षी भरती झालेला गावचाच कोणी. वनरक्षकाच्या पदासाठी अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावीची पात्रता पुरते आणि उंचीची अटही शिथिल आहे. लहानपणी कमी पडलेल्या अन्नाची शासनाने दिलेली ही एक प्रकारची अप्रत्यक्ष कबुलीच म्हणता येईल. धावण्याचे गुण मिळवून यादीत नाव लागले की आणखी एक चाचणी राहते, चार तासांत मुलांनी २५ आणि मुलींनी १६ किलोमीटर चालून दाखवण्याची. तिच्यासाठी कोणी शिकवणी लावत नाही.